कवडशाचं घर

आजोळच्या कौलारू घरात दुपारी माजघरात कवडसा पडायचा. कौलाला पडलेलं भोक बारीक आणि वेडंवाकडं होतं, तरी सारवलेल्या जमिनीवर उतरणारा उजेडाचा ठिपका मात्र गोल. आम्ही मुलं त्याखाली तळहात धरायचो. ठिपका जमिनीवरून उठून हातावर यायचा, बोटांवर चढायचा, हात काढला की परत आपल्या जागी. भोक वाकडं आणि ठिपका गोल हे कसं, ते घरात कुणाला सांगता आलं नाही. पुढे एकदा सूर्यग्रहण लागलं तेव्हा अंगणातल्या आंब्याखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले पाहिले आणि मग उलगडलं. जमिनीवर पडतो तो भोकाचा आकार नसतो, तो सूर्यच असतो. दहा फुटांवरच्या कौलातून उतरलेलं सूर्याचं हे चित्र इंचापेक्षा थोडंसं मोठं भरतं, पंधरा फुटांवरून दीड इंचाच्या पुढे जातं.

या कवडशाला हक्काचं घर बांधून देणारी एक संस्था स्कॉटलंडमध्ये आहे. एडिंबरोच्या किल्ल्यापासून चार पावलांवर, कॅसलहिल नावाच्या चढावर, डोक्यावर पांढरी घुमटी असलेला एक मनोरा उभा आहे. त्या घुमटीखालच्या अंधाऱ्या खोलीत १८५३ पासून बाहेरचं शहर एका टेबलावर उतरवून लोकांना दाखवलं जातं. त्यासाठी लागतो एक आरसा, काही भिंगं आणि दिवसाचा उजेड. संस्था आपला जन्म त्याहूनही मागे, १८३५ सालचा मानते. आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक याच मनोऱ्यातून आला. म्हणून ही वाटचाल मराठीत सांगावीशी वाटते.

आधी नावाचं. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. आपला ‘कमरा’ हा पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला, त्याच घराण्यातला शब्द. ‘ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ ही जोडी केप्लरने १६०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात वापरली आणि ती रूढ झाली. खोली मात्र त्याच्याहून फार जुनी. चिनी विचारवंत मोझी याच्या परंपरेतल्या लिखाणात, इसवी सनापूर्वीच, भोकातून उलटी पडणारी आकृती नोंदलेली आहे. चौकोनी भोकातून येणारा सूर्याचा उजेड गोल का पडतो, हा माजघरातला प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या प्रश्नसंग्रहातही आहे.

त्या प्रश्नाला प्रयोगाने भिडणारा माणूस म्हणजे इब्न अल-हैथम. बसरा इथे जन्मलेला आणि कैरोत काम केलेला हा गणिती अकराव्या शतकात दिवे घेऊन बसला. एका भोकासमोर त्याने दिवे रांगेत मांडले. पलीकडच्या अंधाऱ्या जागेत तेवढेच ठिपके उमटले. मग एकेक दिवा त्याने झाकला. जो दिवा झाकावा त्याचाच ठिपका विझे, बाकीचे जागच्या जागी. सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच बारीक भोकातून, एकमेकांना छेदून जातो आणि तरी कुणाचा कुणात मिसळत नाही. उजेड सरळ रेषेत जातो, हे विधान तोवर पुष्कळांनी केलं होतं. ते असं दिव्यांनी मांडून दाखवण्यात जी सफाई आहे, तिच्यापुढे मान लवते. ग्रहणात दिसणाऱ्या चंद्रकोरीच्या आकारावरही त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला.

चित्र उलटं का पडतं तेही यातूनच कळतं. झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण सरळ रेषेत भोकातून खाली उतरतो आणि भिंतीवर तळाशी लागतो, मुळाकडचा किरण वर चढतो. डावं उजवीकडे जातं. भोक बारीक केलं तर चित्र रेखीव पण अंधूक, मोठं केलं तर उजळ पण पसरट. ही अडचण सुटायला सोळावं शतक उजाडलं. भोकात बहिर्वक्र भिंग बसवलं की उजेड भरपूर येतो आणि रेषाही फिसकटत नाही. व्हेनिसच्या दानिएले बार्बारोने १५६८ मध्ये असं भिंग वापरायला सांगितलं, आणि भिंगाची कड झाकून चित्र आणखी धारदार करायची युक्तीही. त्याआधी, २४ जानेवारी १५४४ चं सूर्यग्रहण लूव्हाँच्या गेम्मा फ्रिसियसने अंधाऱ्या खोलीत पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याची आकृती छापली. अंधाऱ्या खोलीचं छापलेलं पहिलं चित्र म्हणून ती ओळखली जाते.

खोली हळूहळू आक्रसत गेली. केप्लरने तिचा तंबू केला, माळावर उभा करून आत बसायचं आणि समोरचा देखावा कागदावर गिरवायचा. सतराव्या शतकात पेट्या आल्या. १६८५ मध्ये जर्मनीच्या योहान झाननं छापलेल्या आकृत्यांत काखेत मावेल अशी पेटी आहे: पुढे नळीत भिंग, आत तिरका आरसा, वर काच. पन्नास वर्षांपूर्वीचा रोलवाला कॅमेरा ज्यांनी हाताळलाय त्यांना ती पाहताक्षणी ओळखीची वाटेल. फक्त तिच्यात भरायला रोल नव्हता. तो मिळायला आणखी दीडशे वर्षं गेली. तोवर काचेवर उमटलेलं चित्र टिकवायचं तर पेन्सिलीने गिरवणं एवढाच उपाय.

आता एडिंबरो. या संस्थेचं मूळ शॉर्ट घराण्यात आहे. जेम्स शॉर्ट (१७१०–१७६८) हा एडिंबरोचा मुलगा अठराव्या शतकातला दुर्बिणींचा नामांकित कारागीर झाला. आरशांच्या हजारावर दुर्बिणी त्याने बनवल्या. तो गेल्यावर त्याची एक मोठी दुर्बीण भाऊ थॉमस याने १७७६ मध्ये एडिंबरोला आणली. शहराच्या पूर्वेकडच्या कॅल्टन हिल या टेकडीवर वेधशाळा बांधायची आणि लोकांकडून पैसे घेऊन ती चालवायची, असा त्याचा बेत होता. इमारत उभी राहता राहता पैसा संपला, १७८८ मध्ये थॉमस वारला आणि दुर्बीण अडगळीत पडली.

१८२७ साली वेस्ट इंडिजमधून एक बाई शहरात आल्या. आपण थॉमस शॉर्टची मुलगी मरिया थेरेसा, ती थोरली दुर्बीण वारशाने माझी, असा त्यांचा दावा. दुसरेही दावेदार होते. अखेर दुर्बीण बाईंना मिळाली. ती विकून त्या सुखाने राहू शकल्या असत्या. त्यांनी १८३५ मध्ये कॅल्टन हिलवर, अर्धवट राहिलेल्या राष्ट्रीय स्मारकाच्या खांबांशेजारी, लाकूड-दगडाची इमारत उभी केली आणि तिला ‘पॉप्युलर’ म्हणजे लोकांची वेधशाळा असं नाव दिलं. तिथे त्यांनी कितीतरी शास्त्रीय उपकरणं मांडली. ज्या काळात स्कॉटलंडमधल्या विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते, त्या काळात एका बाईने वाटेवरच्या माणसाला दुर्बिणीला डोळा लावायला बोलावलं. संस्थेच्या इतिहासात नंतर आलेली माणसं मोठी होती आणि त्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली. मरिया शॉर्ट यांना मात्र बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलं जातं. मला हे पटत नाही. उजेडाचं शास्त्र सामान्य माणसासाठी आहे ही या संस्थेची भूमिका पहिल्या दिवसापासून त्यांचीच आहे.

याच १८३५ च्या ऑगस्टमध्ये, दक्षिणेला इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या वाड्यात, हेन्री फॉक्स टॅल्बट नावाचा जमीनदार गणिती सुताराकडून करून घेतलेल्या लहान लहान पेट्या घरभर मांडत होता. त्याची बायको त्या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणे. दोन वर्षांपूर्वी इटलीतल्या कोमो सरोवराकाठी त्याला समोरचा देखावा काही केल्या कागदावर काढता येईना, तेव्हा भिंगातून दिसणारं चित्र कागदावर आपोआप ठसलं तर, असं त्याच्या मनात आलं. मिठाच्या पाण्यात आणि चांदीच्या क्षारात भिजवलेला कागद त्याने सापळ्यात घातला आणि पेटी वाड्यातल्या जाळीच्या खिडकीकडे तोंड करून ठेवली. जेमतेम इंचभर आकाराचं जे चित्र उमटलं ते आजही आहे. जगातलं सर्वांत जुनं टिकलेलं निगेटिव्ह ते हेच. खिडकीच्या तावदानांचे सुमारे २०० तुकडे भिंगातून मोजता येतात असं टॅल्बटने त्यावर लिहून ठेवलं.

फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स त्याच्याआधी पोहोचला होता. डांबराच्या जातीचा एक पदार्थ उन्हात कडक होतो, हे हेरून त्याने १८२६-२७ च्या सुमारास तो शिसं मिसळलेल्या कथलाच्या पत्र्यावर माखला, अंधाऱ्या पेटीत ठेवला आणि खिडकीबाहेरची छपरं त्यावर उतरवली. पत्रा इतका वेळ उजेडात राहिला की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं. त्याचा भागीदार दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर लख्ख चित्रं काढली, आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ती कृती जगापुढे खुली झाली. पण एका पत्र्यावर एकच चित्र. टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघत. पुढची दीडशे वर्षं जगाने वापरला तो त्याचा मार्ग. न दिसणारं चित्र कागदावर आधीच असतं आणि ते रसायनाने वर काढता येतं, हे त्याच्या १८४० मध्ये ध्यानात आलं. त्यामुळे तासाचं काम मिनिटांवर आलं. या कागदी चित्राला त्याने कॅलोटाइप नाव दिलं आणि १८४१ मध्ये इंग्लंडपुरतं पेटंट घेतलं.

स्कॉटलंडमध्ये त्याने पेटंट घेतलं नाही. यामागे डेव्हिड ब्रूस्टर हा त्याचा मित्र होता. कॅलिडोस्कोप शोधून काढणारा हा स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक. परवान्याचा पैसा भरावा लागत नसल्याने एडिंबरोत वकील-डॉक्टर मंडळी हौसेने कॅलोटाइप काढू लागली. त्यांचं कॅलोटाइप मंडळ हे जगातलं पहिलं छायाचित्र मंडळ मानलं जातं. आणि १८४३ च्या मे महिन्यात रॉबर्ट ॲडमसन या विशीतल्या तरुणाने कॅल्टन हिलच्या उतारावर, रॉक हाउस या घरात, आपला स्टुडिओ थाटला.

म्हणजे चित्र पहा. एकच टेकडी. माथ्यावर मरियाबाईंची वेधशाळा, उतारावर ॲडमसनची अंधारखोली. त्याच मे महिन्याच्या १८ तारखेला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकारी हस्तक्षेप मान्य नाही म्हणून साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक आपला पगार आणि घर सोडून बाहेर पडले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराला या सभेचं भव्य चित्र काढायचं होतं. एवढे चेहरे लक्षात कसे ठेवायचे? ब्रूस्टरने त्याला ॲडमसनकडे धाडलं. एकेक उपदेशक टेकडी चढून आला आणि भर उन्हात, मान हलू नये म्हणून आधार लावून, मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ खिळून बसला. चित्र घरातलं वाटावं म्हणून मागे पडदे आणि टेबलावर पुस्तकं, पण सगळं उघड्यावर, कारण घरातला उजेड पुरत नसे. हिलचं मूळ चित्र पूर्ण व्हायला १८६६ उजाडलं. आज ते चित्र पाहायला फारसं कुणी थांबत नाही. त्यासाठी केलेली तयारी मात्र छायाचित्रणाच्या इतिहासातलं अव्वल काम ठरली. न्यूहेवनच्या कोळीवाड्यातल्या पट्ट्यापट्ट्यांचे घागरे नेसलेल्या, पाटी घेतलेल्या कोळणी हिल आणि ॲडमसनने ज्या आपुलकीने टिपल्या आहेत, ती आपुलकी मला नंतरच्या कितीतरी सुबक छायाचित्रांत सापडत नाही. ॲडमसन १८४८ च्या जानेवारीत गेला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

टेकडीवरचं बाईंचं बस्तानही फार काळ टिकलं नाही. विरोध पहिल्यापासून होता. १८५१ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी ती इमारत पाडून टाकली. सोळा वर्षांचा संसार उठला. मरियाबाईंनी पुढच्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॅसलहिलवर, कॉकपेनच्या जमीनदाराचा जुना वाडा विकत घेतला, त्यावर दोन मजले चढवले आणि १८५३ मध्ये माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीसह ‘शॉर्टची वेधशाळा आणि विज्ञान-कलेचं संग्रहालय’ सुरू केलं. हीच ती आजची वास्तू.

तिथे होतं काय ते सांगायला हवं, कारण फोटोवरून त्याची कल्पना येत नाही. खोलीचं दार बंद होतं. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. मधोमध पांढरं गोल टेबल, ताटलीसारखं किंचित खोलगट. वर घुमटीतला आरसा समोरच्या दृश्याचा उजेड खाली वळवतो, तो भिंगांतून उतरतो आणि टेबलावर शहर उमटतं. टेबल खोलगट असण्याला कारण आहे. भिंगातून येणारं चित्र सपाट पृष्ठावर नेमकं बसत नाही. मध्य स्पष्ट केला तर कडा धूसर होतात. पृष्ठ वाकवलं की कडाही जुळतात. दाखवणारा दांडीने आरसा फिरवतो, तसं शहर टेबलावर सरकतं: किल्ल्याची तटबंदी, खालचा उतरता रस्ता, प्रिन्सेस स्ट्रीट, आरसा आणखी कलवला की लांबवरची फोर्थची खाडी. आणि हे सगळं हलतं आहे. धुराड्यांतून धूर निघतो, माणसं चालतात, झेंडा फडफडतो. आवाज तेवढा नाही. आकाशात ढग आला तर टेबलावरही मळभ येतं.

१८५३ पर्यंत छायाचित्रण चौदा वर्षांचं झालं होतं. शहरात स्टुडिओ होते. चित्र धरून ठेवायची विद्या हाती आल्यावर, न टिकणारं चित्र दाखवणारं घर एका बाईने बांधावं, हे मला या वाटचालीतलं सर्वांत विलक्षण पाऊल वाटतं. त्या काळच्या कॅमेऱ्याला चालता माणूस टिपता येत नसे. दागेरने टिपलेल्या पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्यावर माणूस दिसतो तो एकच, बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला. बाकीचा रस्ता निर्मनुष्य, कारण चालणारे सगळे पुसले गेले. मरियाबाईंच्या टेबलावर तो सगळा चालता रस्ता रंगांसकट हजर होता. रंग कागदावर आणायची पहिली वाट १८६१ मध्ये याच शहरात जन्मलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने लंडनमध्ये दाखवली, लाल-हिरव्या-निळ्या अशा तीन गाळण्यांतून काढलेल्या चौकड्यांच्या एका फितीच्या चित्राने. उजेड म्हणजे विद्युतचुंबकीय लहर हे सांगणारा मॅक्सवेल तो हाच.

१८६९ मध्ये मरिया शॉर्ट गेल्या. त्यांच्या पतीने घर चालू ठेवलं, पण जीव उतरत गेला. मग १८९२ मध्ये मनोरा पॅट्रिक गेडेस यांच्याकडे आला आणि त्याला ‘आउटलुक टॉवर’ हे नाव मिळालं.

गेडेस यांचा अंधाऱ्या खोलीशी संबंध त्याआधीचा आहे आणि तो सोसण्याचा आहे. १८५४ साली जन्मलेला हा जीवशास्त्रज्ञ १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याची दृष्टी गेली. डॉक्टरांनी आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखाली जगणाऱ्या पंचविशीतल्या माणसाचं काय झालं असेल ते आपणच ताडावं. चाचपडताना त्यांच्या बोटांना खिडकीच्या तावदानांची चौकट लागली. एकेका चौकोनाला एकेक कल्पना नेमून द्यायची आणि शेजारच्या चौकोनांशी तिचं नातं शोधायचं, अशी विचार करायची रीत त्यांनी त्या अंधारात बसवली. पुढे आयुष्यभर ते कागदाला घड्या घालून चौकोन पाडत आणि त्यांत विचार मांडत. नजर परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचं काम पूर्वीसारखं झेपेना. बारकाईने पाहण्याची सवय त्यांनी मग माणसांकडे आणि शहरांकडे वळवली. टॅल्बटची खिडकी आणि गेडेस यांची खिडकी माझ्या मनात कायम शेजारी शेजारी राहतात.

मनोरा हाती येण्यापूर्वीच ते सहकुटुंब एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या, बकाल भागात राहायला गेले होते. चाळीसारख्या त्या इमारती पाडायच्या नाहीत, अडचणीची तेवढी भिंत काढायची, अंगण मोकळं करायचं, चुना मारायचा, कुंड्या ठेवायच्या, असं त्यांचं काम. त्यांना मनोरा हवा होता तो शहराकडे पाहायला शिकवण्यासाठी. त्यांनी जी मांडणी केली तिचा क्रम वरून खाली. आलेल्या माणसाला ते जिन्यांवरून भराभर वर नेत. धाप लागली, रक्त सळसळलं की नजर तल्लख होते असं त्यांचं म्हणणं. आधी अंधारी खोली, टेबलावरचं शहर. मग एकदम सज्जात, उघड्या उजेडात, तेच शहर आता वाऱ्यासकट. त्यानंतर एक लहानशी रिकामी कोठडी. तिच्यात फक्त खुर्ची. पाहिलेलं मनात मुरू द्यायला तिथे काही वेळ एकट्याने बसायचं. मग उतरणीला लागायचं: एडिंबरोचा मजला, खाली स्कॉटलंडचा, त्याखाली इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा, मग युरोपचा, आणि तळाला जगाचा. नकाशे, आलेख, चित्रं, छायाचित्रं यांनी भिंती भरलेल्या. अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या नियतकालिकात १८९९ मध्ये या मनोऱ्याचं वर्णन जगातली पहिली समाजशास्त्रीय प्रयोगशाळा असं केलं गेलं.

या क्रमातलं एक मला फार मोलाचं वाटतं. जगाचा मजला तळाला आहे आणि तिथे जायला आपल्या गल्लीवरून जावं लागतं.

१९१४ मध्ये गेडेस साठीला आले तेव्हा मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते भारतात निघाले. मनोऱ्यात वर्षानुवर्षं जमवलेल्या साहित्यातून उभं केलेलं शहरांचं प्रदर्शन मागाहून ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजाने यायचं होतं. महायुद्ध सुरू झालं होतं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडवलं आणि नकाशे, कोरीव चित्रं, छायाचित्रं सगळं तळाला गेलं. मित्रांनी धावपळ करून नवं साहित्य धाडलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंच.

मग ते भारतभर फिरले, आणि पायी फिरले. कॅसलहिलच्या टेबलावर जसं शहर सरकतं, तसं हे गल्लीबोळ, विहिरी, देवळांचे पार, पिंपळ, नाले नजरेखालून घालत. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवर त्यांनी अहवाल दिले. ते स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले. तेव्हाचे अभियंते नकाशावर पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखत आणि त्याच्या वाटेत येणारी घरं पाडत. गेडेस यांचा याला कडवा विरोध होता. रोगाचं निदान आधी, उपचार नंतर, आणि उपचारही शक्य तितका हळुवार, असं ते सांगत. तलाव साथीला कारण होतो म्हणून बुजवायचा नाही, स्वच्छ करून त्यात मासे सोडायचे. आज आपल्या शहरांत पाऊस तुंबल्यावर जुने बुजवलेले तलाव आठवतात तेव्हा हे वाचून जीव हळहळतो.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी केलेलं काम तर कथेत शोभावं असं. प्लेगने लोक धास्तावलेले. गोऱ्या माणसाच्या हातातला नकाशा म्हणजे घरावर नांगर, अशी समजूत. गेडेस यांनी संस्थानिकांकडून दिवाळीत मोठी मिरवणूक काढायची परवानगी मिळवली आणि जाहीर केलं, ज्या भागातल्या लोकांनी आपली वस्ती सर्वांत स्वच्छ केली असेल तिथून मिरवणूक जाईल. शहर झाडून निघालं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि मागे हत्तीवर नव्या शहराची देवी. शेवटी राक्षस आणि उंदीर दसऱ्याच्या रावणासारखे जाळले. आपल्या लोकांच्या सणाची भाषा परक्या देशातून आलेल्या माणसाने इतकी अचूक ओळखावी! त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा आहे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र हा विभाग सुरू केला आणि गेडेस पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे एम.ए. त्यांच्या व्याख्यानांना बसू लागले. मुंबईवर घुर्यांनी निबंध लिहिला, गेडेस यांनी त्यांची शिफारस केली आणि ते शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ मध्ये घुर्यांनी विभाग हाती घेतला, आणि गेडेस प्रकृतीमुळे फ्रान्सला निघून गेले. घुर्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत इरावती कर्वे होत्या, एम. एन. श्रीनिवास होते. गुरू-शिष्यांच्या पद्धतीत अंतर बरंच. घुर्ये ग्रंथांत रमणारे, गेडेस रस्त्यात. तरी वऱ्हाड-कोकणापासून ओरिसापर्यंत पायपीट करून माणसं पाहणाऱ्या इरावतीबाईंचं लेखन वाचताना मला तो सज्जा आठवतो.

मनोऱ्यावर मात्र धनी दूर गेल्याची कळा आली. गेडेस १९३२ मध्ये माँपेलिए इथे वारले. तिथेही त्यांनी एक मनोरा बांधला होता. एडिंबरोतल्या मजल्यांवरचं साहित्य विस्कटत, खराब होत गेलं. माथ्यावरची खोली तेवढी तग धरून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिला नवी भिंगं मिळाली. पुढे १९६६ मध्ये वास्तू एडिंबरो विद्यापीठाकडे गेली आणि १९८० च्या दशकात एका खाजगी कंपनीने ती घेऊन ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा अँड वर्ल्ड ऑफ इल्युजन्स’ या नावाने चालवायला घेतली. आता खालच्या मजल्यांवर दृष्टिभ्रमांचे खेळ, वाकडे आरसे, होलोग्राम आहेत, आणि मुलांची झुंबड असते. गेडेस यांचे मजले गेले याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्यांतला एक जरी जसाच्या तसा राखला असता तर शहररचना शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही तिथे जाऊन काही घेता आलं असतं. पण लोकांनी तिकीट काढून यावं, हसत शिकावं, ही १८३५ ची कल्पना तिथे अजून जिवंत आहे, आणि त्यात मरियाबाईंना वावगं वाटलं नसतं.

वरच्या खोलीत अजूनही दिवसाच्या उजेडावरच काम चालतं. हिवाळ्यात लवकर अंधारतं म्हणून शेवटचा खेळ लवकर होतो. ढग दाटले तर थांबावं लागतं. सगळ्यांनी टेबलाभोवती कोंडाळं केलेलं असतं. दाखवणारा आरसा खालच्या रस्त्याकडे वळवतो आणि एका पाहुण्याच्या हातात पांढऱ्या कागदाचा तुकडा देतो. तो तुकडा टेबलावर चालणाऱ्या एखाद्या माणसाच्या पुढ्यात धरायचा. रस्त्यावरचा माणूस कागदावर चढतो. कागद हळूहळू उचलला की माणूसही वर येतो, बोटभर उंचीचा, कोट घातलेला, पिशवी घेतलेला. त्याला काहीच ठाऊक नसतं. मुलं श्वास रोखून वाकतात. मग कागद खाली टेकतो, माणूस त्यावरून उतरतो आणि किल्ल्याकडे पाठ करून उताराने निघून जातो.